पणजीचं नाव शोधायचं आहे, हे कारण पुरेसं मानावं

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, जळगाव, धुळे आणि नंदुरबार,
तसेच या तिन्ही जिल्ह्यांतले तहसीलदार, ग्रामपंचायती, जुन्या शाळांचे मुख्याध्यापक आणि गावांचं जुनं दप्तर ज्यांच्या ताब्यात आहे ते सर्व.

सविनय नमस्कार.

आपल्या अभिलेख कक्षात जुन्या नकला मागायला रोज माणसं येतात. अर्ज देताना त्यांना एक प्रश्न हमखास विचारला जातो : नक्कल कशासाठी पाहिजे? बहुतेकांचं उत्तर दोनपैकी एक असतं. जात पडताळणी, नाहीतर जमिनीचा दावा. दोन्ही कारणं खरी आहेत, गरजेची आहेत. अनुसूचित जाती-जमातींना १९५० च्या आधीचा पुरावा लागतो, विमुक्त-भटक्यांना १९६१ चा, इतर मागासवर्गाला १९६७ चा. खानदेशातल्या घराघरांत ही सालं आता मुलांच्या जन्मतारखांसारखी पाठ झाली आहेत. कॉलेजचा प्रवेश तोंडावर आला की आईबाप कोतवाल बुकाची (गावातल्या जन्म-मृत्यूंच्या जुन्या नोंदवहीची) नक्कल, शाळेचा निर्गम उतारा आणि जुना फेरफार यांच्यामागे धावत असतात.

माझी विनंती तिसऱ्या कारणासाठी आहे. आपल्या घरातलं एखादं माणूस कोण होतं, कुठल्या गावचं होतं, कधी आणि कशाने गेलं, एवढंच ज्याला जाणून घ्यायचं आहे त्याच्यासाठीही हे दप्तर उघडं व्हावं. आज ते तसं नाही. 'मला माझी पणजी कोण होती ते शोधायचंय' असं मी एका कार्यालयात सांगितलं, तेव्हा समोरच्या कारकुनाने शांतपणे विचारलं, 'पण त्याचा उपयोग काय?' त्याच्या आवाजात हेटाळणी नव्हती, त्याला खरंच कळत नव्हतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

माझ्या आजोबांची आई १९१८ च्या मानमोडीच्या साथीत गेली. आजोबा तेव्हा दोन-अडीच वर्षांचे. पणजोबांनी दुसरं लग्न केलं आणि जी बाई घरात आली तिने आजोबांना पोटच्या पोरासारखं वाढवलं. तिचं नाव आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घागर भरतो, घागरीवर डांगर ठेवतो, सांजोऱ्यांचा नैवेद्य दाखवतो आणि पितरांची नावं घेतो, त्यात ती येते. पहिलीचं नाव मात्र कोणालाच माहीत नाही. आजोबांनाही नव्हतं. 'मनी माय मानमोडीमा गयी,' एवढंच ते सांगायचे. त्यापुढे विचारलं की गप्प व्हायचे.

मानमोडी म्हणजे इन्फ्लुएन्झाची ती साथ. त्या वर्षी पाऊसही फिरला होता. दाणा महाग, चारा नाही आणि त्यात पावसाळा सरता सरता ताप आला. मुंबई इलाख्यात सप्टेंबर ते नोव्हेंबर हे महिने सगळ्यात वाईट गेले आणि साथीने धडधाकट तरण्याताठ्या माणसांनाच जास्त ओढलं. या देशात खानेसुमारी सुरू झाल्यापासून लोकसंख्या घटलेली दाखवणारं दशक एकच आहे, १९११ ते १९२१, आणि त्याचं मुख्य कारण ही साथ. तापीकाठचं, गिरणाकाठचं, पांझरेकाठचं जवळजवळ प्रत्येक जुनं घर खोदून विचारलं तर कोणी ना कोणी मानमोडीत गेलेलं निघतं. पण त्या माणसांची यादी कुठेही नाही. असलीच तर ती आपल्या कपाटात आहे.

मी ती पाहिली आहे, म्हणून सांगते. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावचं त्या वर्षाचं कोतवाल बुक एका भल्या अभिलेखपालाने मला दाखवलं. आडवं, लांबट बुक. पुठ्ठ्याची पाठ निघालेली, कडा कसरीने खाल्लेल्या, मजकूर मोडी लिपीत. ऑगस्टच्या पानावर मोजक्या ओळी आहेत, त्यातले काही जन्म. सप्टेंबरअखेरीस ओळी दाटू लागतात. ऑक्टोबर लागला की पान पुरत नाही. मरणाच्या कारणाच्या रकान्यात पहिल्या ओळीला 'ताप' लिहिलं आहे आणि खाली नुसतं कित्ता, कित्ता, कित्ता. महिन्याच्या मध्यावर अक्षर बदलतं. आधीचा लिहिणारा गोल आणि ठसठशीत लिहायचा, त्यानंतरचं अक्षर घाईचं आणि उजवीकडे झुकलेलं आहे. त्या दोन अक्षरांच्या मधल्या काळात पहिल्या लिहिणाऱ्याचं काय झालं, ते मला त्या पानावरून कळलं नाही.

त्या झुकलेल्या अक्षरात एक ओळ आमची आहे. पणजोबांचं नाव, बिन करून त्यांच्या बापाचं नाव, जात, मग 'याची बायको, वय बावीस'. कारणाच्या रकान्यात कित्ता.

नाव नाही. त्या पानावर बायांच्या ज्या नोंदी आहेत त्यातल्या बऱ्याच अशाच आहेत. कोणाची बायको, कोणाची मुलगी, कोणाची आई. कोतवाल खबर आणायचा, लिहिणारा लिहायचा, आणि सासरगावात सुनेचं नाव घेण्याची रीत नव्हती. त्यात लिहिणाऱ्याचा दोष मी मानत नाही. पाळीपाळीने घराघरांतून खबरा येत असताना त्याने तेवढं लिहून ठेवलं, म्हणून निदान तिचं वय आणि ती गेली तो दिवस आज माझ्याकडे आहे.

जमिनीच्या कागदांत मी तिला शोधलं नाही असं नाही. १९०३ च्या कायद्यानंतर हक्कनोंदी सुरू झाल्या, त्यामुळे आमच्या शेताचे फेरफार बऱ्यापैकी मागे जातात. पण त्या कागदांत बाई यायला काहीतरी हक्काचा प्रश्न उभा राहावा लागतो. पणजोबा वारले तेव्हा धाकटी मुलं अज्ञान होती, म्हणून दुसरी पणजी 'अ. पा. क.' (अज्ञान पालनकर्ता) म्हणून फेरफाराला लागली आणि तिचं पूर्ण नाव, अंगठ्याच्या ठशासकट, कागदावर राहिलं. पहिली गेली तेव्हा जमिनीचं काहीच अडलं नाही. सासऱ्याच्या नावावरची जमीन सासऱ्याच्याच नावावर राहिली. लेकीबाळींची नावं वारसाला सर्रास लागू लागली ती १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर, आणि तीही सगळ्या घरांत नाहीत. बाईचा माग काढायला सातबारा फार उपयोगी पडत नाही, हे मी तुमच्यापैकी कोणाला नव्याने सांगायला नको.

नाशिकला तीर्थोपाध्यायांच्या वहीतही पाहिलं. ज्यांनी ते काम कधी केलं नाही त्यांच्यासाठी सांगते. गाव, तालुका, जात आणि कूळ सांगितलं की गुरुजी त्या भागाची वही काढतात. पूर्वज कधी गोदाकाठी अस्थी घेऊन किंवा यात्रेला आले असतील तर त्यांनी स्वतः सांगितलेली वंशावळ तिथे लिहिलेली असते, खाली सही किंवा निशाणी. खानदेशात निम्मं गाव 'पाटील' असतं, तेव्हा आडनाव सांगून भागत नाही, कूळ सांगावं लागतं : पवार, बोरसे, देवरे, निकम, शिसोदे, जे असेल ते. ज्यांच्या कुळाला वंशावळ सांभाळणारा भाट आहे त्यांनी भाटाची वहीही वाचून घ्यावी. जिथे भाट नाही तिथे श्रावणात कानबाईच्या सणाच्या रोटांना कोणकोणती घरं एकत्र बसतात ते पाहावं, भाऊबंदकी तिथे आजही चोख कळते. तर नाशिकच्या वहीत आमचे पणजोबा सापडले. त्यांचा बाप, आजा, पणजा, चुलते, भाऊ, मुलं, सगळी माळ. बायको म्हणून नाव दुसरीचं, कारण ते तिथे गेले तेव्हा तीच हयात होती.

मग माग लागला तो शाळेत. आमच्या गावची लोकल बोर्डाची मराठी शाळा म्हणजे आजची जिल्हा परिषद शाळा. तिथलं जुनं जनरल रजिस्टर मुख्याध्यापक बाईंनी कापडात गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवलं आहे, आणि त्याबद्दल त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे. आजोबांची ओळ त्यात आहे. जन्मतारीख १ जून १९१६. ती खरी असेलच असं नाही, कारण शाळेत नाव घालताना मास्तर बहुतेक पोरांना १ जूनच द्यायचे आणि आपल्याकडच्या जुन्या माणसांचे निम्मे वाढदिवस त्यामुळे एकाच दिवशी येतात. शाळा सोडण्याचं कारण 'शेतकामास'. आणि जन्मस्थळाच्या रकान्यात आमचं गाव नाही. तिथे तापीपल्याडच्या, शिरपूर तालुक्यातल्या एका खेड्याचं नाव आहे.

आमच्या घरात त्या खेड्याचं नाव कधी कोणी काढलं नव्हतं. पण पहिलं बाळंतपण माहेरी होतं, आणि आजोबा पहिलेच. ते पणजीचं माहेर असणार, दुसरं काही कारण संभवत नाही. नुसत्या तर्कावर थांबले नाही, त्या खेड्यात गेले. आमच्याच जातीची तिथे थोडी घरं आहेत. त्यातल्या एका घरच्या, नव्वदीला टेकलेल्या माऊलीने सांगितलं की तिच्या सासऱ्याची एक बहीण तापीच्या अल्याड अमळनेरकडे दिली होती. पूल नव्हता, नावेने जावं लागायचं, म्हणून येणंजाणं कमी. मानमोडीत ती गेल्याची खबर पोचली तेव्हा इथेही घरात माणसं अंथरुणाला खिळलेली होती, कोणी जाऊ शकलं नाही. नाव? आजीबाईंनी खूप आठवून पाहिलं. सासरे तिला 'बाई' म्हणायचे, एवढंच त्यांच्या कानावर होतं.

आता माझ्या मागणीचा गाभा इथे आहे. सासरगावात ती अमक्याची बायको होती. माहेरगावात मात्र ती गावची लेक. तिला नावाने ओळखणारा कोतवाल, नावाने ओळखणारा पाटील. जन्माच्या नोंदीत आईच्या नावाचा रकाना काही गावांच्या बुकांत कोरा असतो, काही गावांच्या बुकांत भरलेला असतो, दोन्ही प्रकार मी डोळ्यांनी पाहिले आहेत. १९१५ ते १९१७ या सालांतलं त्या खेड्याचं जन्माचं बुक उघडलं तर आजोबांच्या जन्माच्या ओळीत त्यांच्या आईचं नाव असण्याचा चांगला संभव आहे. बाकीच्या सगळ्या वाटा मी चालून झाले आहे. उरलेलं हे एक बुक.

ते बुक कुठे आहे हे कोणी सांगू शकत नाही. एका कार्यालयाने सांगितलं, जुनी बुकं ग्रामपंचायतीकडे वर्ग केली. ग्रामपंचायत म्हणाली, आमच्याकडे अलीकडची आहेत, त्याआधीची तालुक्याला. तिसऱ्या ठिकाणी म्हणाले, जिल्ह्याला विचारा. जिल्हा कोणता, हाही प्रश्नच. १९०६ पर्यंत सगळा खानदेश एकच जिल्हा होता आणि ठाणं धुळं. मग पूर्व आणि पश्चिम असे दोन झाले. त्यात अमळनेर पूर्वेत गेलं, शिरपूर पश्चिमेत. महाराष्ट्र झाल्यावर त्यांची नावं जळगाव आणि धुळे झाली, आणि १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. मालेगाव, नांदगाव, बागलाण तर १८६९ पर्यंत खानदेशातच होते, नाशिक जिल्हा झाला तेव्हा तिकडे गेले. जुन्या कागदावर ज्याला पिंपळनेर तालुका म्हटलंय तो आज साक्री. प्रत्येक वाटणीत दप्तराचे गाडे इकडून तिकडे गेले. कुठल्या गावाचे कोणत्या सालचे कागद कोणत्या गाड्यात गेले याची यादी असेल तर ती आम्हाला दिसत नाही, आणि मला भीती अशी आहे की ती तुम्हालाही दिसत नसावी.

म्हणून पहिली मागणी साधी आहे : यादी करा. स्कॅनिंगच्याही आधी यादी. प्रत्येक गावाचं नाव, त्याचं कोतवाल बुक, शाळेचं जनरल रजिस्टर, जमिनीचं जुनं कडईपत्रक, जुने फेरफार, हक्कनोंदी, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत आहेत, मधली कोणती सालं गहाळ आहेत, कोणत्या लिपीत आहेत आणि आज कोणत्या इमारतीतल्या कोणत्या कपाटात आहेत. ही यादी जिल्ह्याच्या संकेतस्थळावर लावा. बुक नष्ट झालं असेल तर तसं लिहा. कसरीने खाल्लं, पुरात भिजलं, जे झालं असेल ते. नाही म्हणून कळलं तरी माणूस थांबतो. आज तो तीन कार्यालयांत फिरत राहतो आणि तुमच्याही माणसांचा वेळ जातो.

हे अशक्य आहे असं कोणी म्हणू नये. २०२३ च्या अखेरीस कुणबी नोंदी शोधायच्या होत्या तेव्हा राज्यभर कक्ष उघडले, मोडी वाचणारे बोलावले, वर्षानुवर्षं न सुटलेले गठ्ठे सुटले. त्या मोहिमेबद्दल कोणाचं मत काहीही असो, एक गोष्ट तिने दाखवून दिली की ठरवलं तर हे काम होतं. पण ते पान उघडलं गेलं एका शब्दासाठी. त्याच पानावर माळी, कोळी, भिल्ल, साळी, तेली, महार, मुसलमान, गुजर, लेवा, सगळ्यांच्या घरचे जन्म आणि मरणं ओळीने लिहिलेली आहेत. गठ्ठा एकदा सोडून, झटकून, माणसं बसवून वाचलाच होता, तर त्या पानावरची प्रत्येक ओळ टिपून ठेवता आली असती. जिथे अजून शोध चालू आहे तिथे तरी हे करावं, ही दुसरी मागणी. जुने सातबारे आणि फेरफार स्कॅन होऊन ऑनलाइन पाहता येऊ लागले, हे शासनाचं मोठं काम आहे आणि त्याचा फायदा मी स्वतः घेतला आहे. जन्म-मृत्यूची बुकं त्याच रांगेत घ्यावीत. ज्यांच्याकडे जमीन नव्हती त्यांचा माग सातबाऱ्यात लागतच नाही. सालदार, मजूर, गिरणी कामगार, भुसावळच्या रेल्वेत लागलेले, जळगावच्या आणि अमळनेरच्या कापड गिरण्यांत लागलेले, जिनिंगमध्ये सरकी निवडणाऱ्या बाया. त्यांच्यातल्या कितीतरी जणांबद्दल कागदावर जे काही आहे ते कोतवाल बुकातल्या एकदोन ओळी.

मोडीबद्दल थोडं बोलू द्या. ती वाचणारी माणसं कमी आहेत हे खरं, पण धुळ्यासारख्या शहरात तरी ती सबब चालू नये. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यातच गेले, आणि त्यांनी गावोगाव हिंडून गोळा केलेल्या कागदांचा सांभाळ करायला पुढच्याच वर्षी तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. त्याच गावात शंकर श्रीकृष्ण देवांनी समर्थ संप्रदायाची बाडं जमवली, त्यांचं समर्थ वाग्देवता मंदिर आजही आहे. संतांचे, सरदारांचे, मठांचे कागद कोणीतरी पायपीट करून वाचवले म्हणून वाचले. शेतकऱ्याच्या, बलुतेदाराच्या घरचे कागद कोण वाचवणार? ते घरात नव्हतेच कधी, ते सरकारातच होते. त्यांचा सांभाळ करणारे तुम्हीच, दुसरं कोणी नाही. आपल्या तिन्ही जिल्ह्यांत मोडी शिकलेले शिक्षक, निवृत्त कर्मचारी, कॉलेजातली मुलं आहेत. महिन्यातून एक ठरलेला दिवस अभिलेख कक्षात वाचनासाठी ठेवा, मोडी जाणणारा एक माणूस बसवा, आणि लोकांना आपापल्या गावाचं पान त्याच्याकडून वाचून घेऊ द्या.

आपली अडचण मला कळते. जुन्या नोंदींत खाडाखोड करण्याचे प्रकार होतात, जातीच्या दाखल्यासाठी नवी शाई जुन्या पानावर फिरते, आणि मग त्याचा जाब अभिलेखपालाला द्यावा लागतो. म्हणून तो बुक हातात द्यायला कचरतो, आणि त्याचं बरोबर आहे. पण त्यावरचा उपाय बुक कुलपात ठेवणं हा नाही. एकदा नीट फोटो काढून झाला की मूळ बुकाला कोणाचा हात लागण्याची गरजच राहत नाही, आणि उद्या कोणी पान बदललं तर ते लगेच पकडलंही जाईल. 'अ' वर्गाचा कागद कायम जपायचा, हे आपल्याच वर्गवारीत आहे. दमट खोलीत, भिंतीला पाणी सुटलेल्या कोपऱ्यात, गठ्ठ्यावर गठ्ठा रचून ठेवलेला कागद किती दिवस कायम राहील, हे तिथे रोज काम करणारी तुमची माणसं माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. त्यांना विचारा. मला मदत केलेला अभिलेखपाल स्वतःच्या पैशाने कापड आणून गठ्ठे बांधत होता.

सातपुड्याबद्दल वेगळं लिहायला हवं. अक्राणी, अक्कलकुवा, तळोद्याच्या डोंगरातल्या पाड्यांवर भिल्ल आणि पावरा घरांचा माग कागदात कमी आणि माणसांच्या आठवणीत जास्त आहे. सरदार सरोवरात महाराष्ट्राची ३३ गावं गेली, ती सगळी याच भागातली. गाव उठलं की कोण कोणाचा, कोण कुठून आला, हे सांगणारी बैठकही मोडते. वनहक्काच्या नियमांत वडीलधाऱ्यांचा लेखी घेतलेला जबाब आणि जुन्या नोंदीतल्या माणसापर्यंत पोचणारी वंशावळ हे दोन्ही पुरावे म्हणून धरले आहेत. म्हणजे आठवणीला कायद्याने किंमत दिलेली आहे. दाव्यांच्या फायलींत असे जबाब पडून असतील. ज्या म्हाताऱ्यांनी ते दिले त्यांतले बरेच आता राहिले नसतील. दावा निकाली निघाला म्हणून ती फाईल बांधून टाकू नका. ज्या घराचा तो जबाब आहे त्या घराला त्याची एक प्रत द्या.

आणि तिसरी मागणी, जिच्यासाठी पत्राला हे शीर्षक दिलं. नकलेच्या अर्जावर 'कारण' म्हणून 'कुटुंबाचा इतिहास' एवढं लिहिलं तरी ते पुरेसं मानण्याची लेखी सूचना आपल्या कार्यालयांना द्या. शंभर वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाची नोंद त्याच्या वंशजाला दाखवण्यात कोणाचं गुपित फुटत नाही. उपयोग काय, असं त्या कारकुनाने विचारलं होतं. त्याला मी तेव्हा नीट सांगू शकले नाही, आता सांगते. आमच्या घरात आखाजीला पितरांची नावं घेतली जातात आणि ज्या बाईच्या पोटी हे सगळं घर जन्मलं तिच्या जागी आम्ही 'आबांची माय' म्हणतो. तिला बावीस वर्षं मिळाली. त्यात एक लग्न, एक नदी ओलांडणं, एक बाळंतपण आणि एक ताप, इतकंच आम्हाला माहीत आहे. तिला तिच्या नावाने पाणी देता यावं, हा माझ्या लेखी फार मोठा उपयोग आहे, आणि अशी बाई एकट्या आमच्याच घरात नाही.

शाळांच्या मुख्याध्यापकांना एवढंच सांगणं की आपली शाळा जुनी असेल तर पहिलं जनरल रजिस्टर आजच बघून घ्या. शिवण उसवली असेल तर शिवून घ्या, प्रत्येक पानाचा मोबाईलने का होईना, फोटो काढून दोन ठिकाणी ठेवा. चिकटपट्टी लावू नका, ती पुढे अक्षरांसकट निघते. जन्मस्थळाचा रकाना आणि शाळा सोडण्याचं कारण, हे दोन रकाने लोक बघत नाहीत. कोणी उतारा मागायला आलं तर ते आवर्जून दाखवा.

शिरपूर तालुक्यातल्या त्या खेड्याचं नाव, हवी असलेली सालं, आजोबांच्या शाळेच्या उताऱ्याची प्रत आणि आमच्या कोतवाल बुकातल्या नोंदीची नक्कल, हे सगळं मी जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्हाधिकारी कार्यालयांत रीतसर अर्जासोबत दिलं आहे. मला मोडी वाचता येते. गठ्ठे कुठे आहेत एवढं कळलं तर आपल्या माणसाच्या समोर बसून, आपल्या कार्यालयाच्या वेळेत, मी ते स्वतः वाचेन. त्या बुकात जेवढ्या घरांच्या नोंदी सापडतील त्या सगळ्या बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, उतरवून त्याची एक प्रत कार्यालयाला आणि एक त्या गावाला देईन. मानधन नको. दिवस आपण कळवावा.

कळावे,
अमळनेर तालुक्यातल्या एका शेतकरी घरातली लेक